मांड पक्की आहे, घोडा कुणाचा?

ऑलिंपिकमधल्या बहुतेक खेळांत बायकांची यादी वेगळी आणि पुरुषांची वेगळी. घोडेस्वारीत तसं नाही. तिथे बाई आणि पुरुष एकाच मैदानावर, एकाच गुणपत्रकावर, एकाच पदकासाठी उतरतात. मोटारींच्या शर्यतींचंही तेच. चोवीस तासांच्या शर्यतीत एकाच गाडीत आळीपाळीने बसणाऱ्या तिघांपैकी एक बाई असेल, तर तिच्या फेरीची वेळ वेगळ्या वहीत लिहिली जात नाही. तरीही या दोन्ही खेळांचं नाव काढलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. असं का व्हावं? हे खरोखर अंगबळाचं गणित आहे, की आणखी कशाचं? हा प्रश्न निर्ण्यासारख्या गावातून विचारायला कारण आहे. बिदर जिल्ह्याच्या या टापूत मराठी, कन्नड आणि दखनी एकाच कट्ट्यावर ऐकू येतात. पुणे-हैदराबाद महामार्ग याच मुलखातून जातो. भालकी तालुक्यातला मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा, घोड्यावर बसून भक्तांना भेटतो, आणि घराघरांतल्या तसबिरीत म्हाळसाही त्याच घोड्यावर असते. वर आभाळात बिदरच्या हवाई तळावरची विमानं घिरट्या घालतात. घोडा, इंजिन आणि बाई हे तिन्ही इथे आहेत. फक्त ते एका जागी आलेले नाहीत.

दोन्ही खेळ एकाच आयुष्यात, वरच्या पातळीवर खेळलेल्या स्त्रिया जगातही थोड्याच. त्यांतली सर्वांत ठळक लिझ हॅलिडे. कॅलिफोर्नियात १९७८ साली जन्मलेली ही अमेरिकन मुलगी घोड्यांसाठी इंग्लंडला गेली, इव्हेंटिंगमध्ये घडली आणि त्याच काळात स्पोर्ट्स कारच्या शर्यतींतही शिरली. या शतकाच्या पहिल्या दशकात ती अमेरिकन ल मान्स मालिकेत इंटरस्पोर्ट संघाच्या लोला गाडीतून धावली आणि फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतही उतरली. कधी तबेला, कधी पिट, असं तिचं वेळापत्रक बरीच वर्षं चाललं. पुढे गाड्या मागे पडल्या, घोडे राहिले. २०२४ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, ती कूली नटक्रॅकर या घोड्यावर अमेरिकेच्या इव्हेंटिंग संघातून पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरली.

इव्हेंटिंग म्हणजे घोडेस्वारीची खरी कसोटी. पहिल्या अंगात ड्रेसाज: घोड्याने स्वाराच्या बारीकशा इशाऱ्यावर चाल बदलायची. दुसऱ्यात क्रॉस कंट्री: माळ, ओढा, लाकडाचे ओंडके यांवरून भरधाव जायचं. तिसऱ्यात, आदल्या दिवशी दमलेल्या त्याच घोड्याला पाडले की गुण जाणारे हलके अडथळे ओलांडायला लावायचे. पहिल्या दिवशी जिंकून टाकू म्हणणाऱ्याचा हा खेळ नव्हे. तिसऱ्या दिवसासाठी घोडा शिल्लक ठेवावा लागतो. चोवीस तासांच्या मोटार शर्यतीतही चालकाला नेमकं हेच कळावं लागतं, आणि हॅलिडेला दोन्हीकडे पाय रोवता आले त्याचं मर्म मला यात दिसतं.

तिच्या आधी पन्नासेक वर्षं पॅट मॉस होती. फॉर्म्युला वनचा नामांकित चालक स्टर्लिंग मॉस तिचा सख्खा भाऊ. पॅटची पहिली ओळख मात्र शो-जंपिंगची. ब्रिटनच्या संघापर्यंत ती घोड्यावरून पोचली होती. रॅलीकडे वळल्यावर गाडीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आला. एका कंपनीने खर्च द्यायला नकार दिला, एमजीने गाडीही दिली आणि खर्चही. १९६० साली तिने अ‍ॅन विझ्डम या मैत्रिणीसोबत ऑस्टिन-हीली ३०००मधून लिएज-रोम-लिएज ही रॅली जिंकली. जवळजवळ विनाथांबा, दिवसरात्र चालणारी, अल्प्सचे घाट पालथे घालणारी ही रॅली गाड्या मोडण्यासाठीच प्रसिद्ध होती. आणि मॉस-विझ्डम जोडी तिथे महिला गटात पहिली आली असं नाही, सगळ्यांतच पहिली आली. दोन वर्षांनी तिने मिनी कूपरमधून ट्युलिप रॅलीही जिंकली.

पॅटचे वडील स्वतः इंडियानापोलिसला धावलेले, आई रॅली चालवणारी, घरी घोडे. म्हणजे ज्या घरात गाडी आणि घोडा दोन्ही आधीपासून होते, त्या घरातून ही मुलगी निघाली. गुण तिचे होतेच. पण त्या गुणांना लागणारं वाहन दारात उभं होतं, आणि घरचं पुरेनासं झालं तेव्हा एका कंपनीने पुढचं दिलं. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन्ही खेळांत बाईला अडवणारी गोष्ट तिच्या अंगात कधीच नव्हती. ती होती मालकीत. घोडा कुणाचा, गाडी कुणाची, सरावाची जमीन कुणाची आणि गोठ्याची किल्ली कुणाच्या कमरेला, यावर सगळं ठरत आलं.

अंगबळाचा मुद्दा खरं तर फार पूर्वीच निकालात निघाला आहे. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये स्त्रियांना १९५२ साली हेलसिंकीत प्रथम प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक घेतलं. १९४४ साली पोलिओ झाल्याने तिच्या गुडघ्याखालच्या पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला दुसऱ्याचा हात लागे. ज्या खेळात पायांचा दाब ही स्वाराची भाषा मानली जाते, त्यात ही बाई पाठीच्या आणि कमरेच्या तोलावर घोड्याशी बोलली, आणि १९५६ साली तिने रौप्यपदक पुन्हा मिळवलं. यानंतर ताकदीचा युक्तिवाद कुणी करू नये. तरी उड्यांच्या स्पर्धेत स्त्रिया यायला १९५६ उजाडलं आणि इव्हेंटिंगमध्ये १९६४. अमेरिकेची लाना ड्यू पाँट तिथे पहिली.

मोटारींची कथा याहून कडू आहे. ल मान्समध्ये १९३० सालीच मार्गरीत मारूझ आणि ओदेत सिको या दोघी बुगाटी घेऊन उतरल्या आणि सातव्या आल्या. दोन वर्षांनी सिको अल्फा रोमिओमधून चौथी आली. ल मान्सच्या एकूण क्रमवारीत स्त्रीने गाठलेलं ते आजही सर्वांत वरचं स्थान आहे. दार उघडं होतं तेव्हा बायका आत गेल्या आणि चांगल्या खेळल्या. मग १९५६ साली रेम्सच्या १२ तासांच्या शर्यतीत आनी बुस्के ही फ्रेंच चालक अपघातात गेली, आणि ल मान्सच्या आयोजकांनी त्यानंतर स्त्रियांना प्रवेशच बंद केला. त्याच ल मान्समध्ये आदल्या वर्षी एका भीषण अपघातात ऐंशीहून अधिक माणसं मेली होती, आणि त्या गाडीचा चालक पुरुष होता. तेव्हा पुरुषांना बंदी घालावी असं कुणाच्या मनात आलं नाही. बायकांसाठी दार १९७१ साली पुन्हा उघडलं. चारच वर्षांत क्रिस्तीन दाक्रमाँ, मारियान होएफ्नर आणि मिशेल मूताँ या तिघींनी मिळून दोन लिटर गट जिंकला. पुढे १९८० साली दक्षिण आफ्रिकेच्या डेझिरे विल्सनने अ‍ॅलन द कॅडनेसोबत मोंझा आणि सिल्व्हरस्टोन अशा दोन जागतिक दर्जाच्या दमाच्या शर्यती जिंकल्या. मधली चौदा-पंधरा वर्षं मात्र कायमची गेली. त्या काळात ज्या मुली विशीत होत्या त्यांना ती कुणी परत दिली नाहीत.

आता दमाची शर्यत म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू, कारण इथेच घोडा आणि गाडी एकमेकांना भेटतात.

ल मान्सचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा. एका गाडीला तीन चालक. नियमाप्रमाणे एकाने सहा तासांच्या कुठल्याही टप्प्यात चार तासांहून जास्त चालवायचं नाही, आणि एकूण १४ तासांच्या वर जायचं नाही. गाडी पिटमध्ये शिरते, इंजिन बंद होतं, दार उघडतं. आतला चालक पट्टे सोडून बाहेर पडतो, दुसरा आत घुसतो. बाहेर आलेला लगेच विश्रांतीला पळत नाही. वाकून आतल्याच्या खांद्यावरचे पट्टे ओढून देतो, रेडिओची आणि पाण्याची नळी जोडून देतो. कॉकपिटमध्ये भट्टीसारखं तापलेलं असतं. पण आजच्या जीटी आणि प्रोटोटाइप गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं, तेव्हा दंडाच्या जोरावर शर्यत जिंकली जाते हा समज सोडलेला बरा. लागतं ते लक्ष. टायर किती झिजले, ब्रेक किती तापले, रात्री तीन वाजता मागून येणारा दिवा आपल्याहून वेगवान गाडीचा आहे की आपल्याच गटातल्या गाडीचा, हे तासन् तास चुकू न देणं.

घोड्याच्या एंड्युरन्स स्पर्धेत पिटच्या जागी पशुवैद्यकाचा तळ असतो. स्वार एक फेरी संपवून येतो आणि खाली उतरतो. सोबतची माणसं खोगीर काढतात, मानेवर आणि पायांवर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतात. घड्याळ चालूच असतं. ठरलेल्या मिनिटांत, साधारण पाव तासात, घोड्याची नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांवर आली पाहिजे. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो, पोटातला आवाज ऐकतो, हिरडी बोटाने दाबून तिचा गुलाबी रंग किती वेळात परततो ते बघतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती लगेच सपाट झाली नाही तर घोड्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय. मग घोड्याला हाताने धरून सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायचं. एका पायाने किंचित जरी लंगडला तरी स्पर्धा तिथेच संपते. स्वार कितीही पुढे असो, घोडा थकला असेल तर तो बाद. माझ्या मते सगळ्या खेळांतला हा सर्वांत न्याय्य नियम आहे, कारण मुक्या जिवाची बाजू इथे प्रत्येक फेरीला विचारली जाते. केरळच्या मलप्पुरमची नीदा अंजुम चेलाट २०२३ साली फ्रान्समधल्या कास्तेलसाग्रात इथल्या युवा जागतिक स्पर्धेत या सगळ्या चाळण्यांतून पार पडली आणि १२० किलोमीटरचं अंतर पूर्ण केलं. पुढच्या वर्षी ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेतले १६० किलोमीटरही तिने पुरे केले. अशी कामगिरी करणारी ती पहिली भारतीय. पुरुष धरूनही पहिली.

घोड्यांचा हा खेळ आपल्या भागाला परका वाटतो, पण इतिहास उलट सांगतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला आला आणि त्याने आपलं प्रवासवर्णन लिहून ठेवलं. त्या काळी दख्खनला चांगल्या घोड्यांची कायम टंचाई. अरबस्तानातून घोडे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत आणि घाट चढून बहमनी राजधानीत येत. बिदरमध्ये १४७२ साली मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान हाही मुळात इराणातून आलेला व्यापारीच. निकितिनने शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या जत्रेचं वर्णन केलं आहे, आणि तिथे विक्रीला येणाऱ्या घोड्यांचा आकडा वीस हजारांपर्यंत दिला आहे. अभ्यासक ती जत्रा कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदची मानतात. व्यापाऱ्याने ऐकीव आकडा फुगवला असेल असं धरलं, तरी दख्खनच्या घोड्यांचा एक मोठा बाजार या मातीत भरत होता हे उघड आहे.

इथे कुणीतरी चांदबिबीचं, ताराबाईचं, उमाबाई दाभाड्यांचं, झाशीच्या राणीचं नाव काढणार. काढावंच. पण त्या नावांवर हा प्रश्न मिटत नाही. त्यांच्याकडे पागा होत्या. घोड्याला चंदी घालायला मोतद्दार होते आणि खर्चाला जहागिरी होती. त्यांच्या शौर्यातला काडीइतका भाग मी कमी करत नाही. मात्र साध्या घरातल्या बाईपर्यंत तो घोडा कधी पोचला का, हे विचारायलाच हवं.

एका अर्थी पोचला. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा आज धनगरांच्या वाड्यांबरोबर चालताना दिसतो. देशी घोड्यांच्या जातींत आता त्याची स्वतंत्र नोंदही झाली आहे. बसका, काटक, चार काड्यांवर निभावणारा. वाडा हलायचा दिवस आला की त्याच्या पाठीवर आख्खा संसार चढतो: गोधड्या, भांडी, पालाच्या काठ्या, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू, कधी वर बसवलेलं लेकरू. हे ओझं बांधायचं काम बहुतेक बायकांचं. दोन्ही बाजूंचा तोल साधला नाही तर दिवसभरात घोड्याची पाठ सोलवटते, म्हणून गाठ कुठे मारायची, घोंगडी किती घड्यांची घालायची, हे त्या बायकांना बरोबर ठाऊक असतं. घोड्याचा कान, नाक, लीद बघून त्याचं दुखणं ओळखणारी अशी बाई आणि एंड्युरन्सच्या तळावरचा पशुवैद्यक, यांच्या नजरेत फारसा फरक नाही. एवढं करून ती मात्र घोड्याच्या शेजारून पायी चालते. बाजारात घोड्याचा सौदा करायला पुरुष जातो. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, तिथल्या घोडेबाजारात पाहा. दात मोजणारे, भोवरे तपासणारे, देवमण आहे का म्हणून गळ्याखाली हात घालणारे, पंचकल्याणी घोड्याला जादा भाव सांगणारे सगळे पुरुष. तापीकाठच्या सारंगखेड्याला याहून मोठा बाजार भरतो, पण चित्र वेगळं नाही.

आजच्या महाराष्ट्रात घोडा आणि मोटार यांचं नातं जुळलेली जागा शोधायची तर तळेगाव दाभाडे. उमाबाईंचं हे गाव. परिसरात नाणोलीचं स्टड फार्म आहे, त्याच नावाचा मोटारींचा ट्रॅकही झाला आहे आणि जापलूप हे घोडेस्वारीचं केंद्रही याच भागात आहे. शर्यतीचा घोडा आणि शर्यतीची गाडी एकाच शिवारात पळतात अशी जागा देशात क्वचितच असेल. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीने गो-कार्टपासून मुलं घडवली. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही नावं त्या शहराने दिली. मुंबईत महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४०च्या दशकापासून आहे. साधनं अगदीच नाहीत असं म्हणता येणार नाही. पण ती सगळी पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या भोवती आहेत, आणि तिथे पोचायला आधी घरची ऐपत लागते.

पुण्याच्या डायना पंडोलेची गोष्ट म्हणूनच नीट वाचण्यासारखी आहे. दोन मुलांची आई, पेशाने शिक्षिका, वडिलांमुळे शर्यतींची ओढ लागलेली. २०१८ साली स्त्री चालक शोधणाऱ्या एका राष्ट्रीय निवड कार्यक्रमातून ती या खेळात आली. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिने चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफ सलून कार गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री, तेही पुरुषांबरोबर धावून. त्यानंतर ती मध्यपूर्वेतल्या फेरारी क्लब चॅलेंज मालिकेकडे वळली. बातम्यांनी भर दिला तो फेरारीवर, आणि ते साहजिक आहे. मला महत्त्वाची वाटते ती सलून कार गटातली आधीची टोयोटा इटिऑस. कारण त्या गटात सगळ्यांना एकाच जातीची, एकसारखी तयार केलेली गाडी मिळते. कुणाच्या बापाने जास्त महागडं इंजिन बसवलं हा भाग उरत नाही, उरतो फक्त चालक. वाहनाची मालकी खेळातून बाजूला काढली, आणि एक शिक्षिका सगळ्यांच्या पुढे गेली.

हाच पुरावा आपल्या डोक्यावरही उडतो आहे. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या भारताच्या पहिल्या तीन लढाऊ वैमानिक स्त्रियांना २०१६ साली हवाई दलात कमिशन मिळालं, आणि हॉक जेटचं पुढचं प्रशिक्षण त्यांनी बिदरलाच घेतलं. निर्णा, हुमनाबाद, चिटगुप्पाच्या तुरीच्या रानांवरून त्या वर्षी ज्या विमानांची घरघर गेली, त्यांतल्या काहींत या मुली होत्या. वेग, दाब, उष्णता, क्षणात निर्णय, यांत शर्यतीची गाडी लढाऊ विमानापुढे काहीच नाही. पण विमान कुणाच्या वडिलांच्या नावावर नसतं. ते सरकारचं. परीक्षा द्या, निवडून या, चालवा. खडकवासल्याच्या एनडीएतही तसंच. तिथे कॅडेटच्या शिक्षणात घोडेस्वारी आहे, घोडा प्रबोधिनीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ साली मुली तिथे दाखल झाल्या, आणि २०२५च्या मे महिन्यात पहिल्या तुकडीतल्या १७ जणी बाहेर पडल्या. घरी तबेला नसलेल्या मुलीला घोड्याच्या पाठीवर नेणारा इतका सरळ रस्ता आपल्याकडे दुसरा नाही.

क्रीडाप्रकार म्हणून घोडेस्वारी मात्र अजून श्रीमंतांच्या अंगणात आहे, आणि याचं एक कारण रोगराईचं आहे. भारतातले घोडे रोगमुक्त क्षेत्रातले मानले जात नसल्याने इथून थेट युरोपात किंवा मोठ्या स्पर्धांना नेता येत नसत. त्यामुळे वरच्या पातळीवर खेळायचं तर घोडा युरोपात विकत घ्यायचा, तिथेच ठेवायचा, आणि स्वारानेही तिथेच जाऊन राहायचं. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजमध्ये भारताला सांघिक सुवर्ण मिळालं. घोडेस्वारीतलं हे सुवर्ण १९८२नंतर, ४१ वर्षांनी आलं. चौघांत दोघी मुली होत्या, होळकरांच्या इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंग. दिव्यकृती पुढे अर्जुन पुरस्कार मिळवणारी घोडेस्वारीतली पहिली स्त्री ठरली. चौघांचेही घोडे युरोपातून नेलेले होते. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. फक्त निर्ण्यातल्या मुलीला तो रस्ता दाखवून उपयोग नाही, कारण त्याची सुरुवातच विमानाच्या तिकिटापासून होते. २०२५च्या जुलैत जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठ छावणीतल्या सैन्याच्या घोडा-केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. हे पाऊल कागदावर कोरडं दिसतं, पण इथून घोडा थेट परदेशी स्पर्धेला नेण्याची वाट त्याने पहिल्यांदा मोकळी होते.

मोटारींकडे पुन्हा वळलं तर मालकीचा पेच सोडवणारे दोन नियम दिसतात. जागतिक दमाच्या शर्यतींत चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी श्रेणी असते आणि काही गटांत प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक असणं सक्तीचं असतं. म्हणजे दुसरा पेशा सांभाळून उशिरा आलेल्या माणसाला जागा राखून ठेवलेली असते. आयर्न डेम्स हा स्त्रियांचा संघ याच वाटेने पुढे आला. राहेल फ्राय, मिशेल गॅटिंग आणि ब्राँझ श्रेणीची सारा बोव्ही यांनी २०२३ साली बहरीनच्या आठ तासांच्या शर्यतीत आपला गट जिंकला. जागतिक मालिकेत फक्त स्त्रियांच्या संघाने मिळवलेला तो पहिला विजय. दुसरा नियम आपल्या शेजारचा. २०२२ साली हैदराबादच्या हुसेनसागराकाठी इंडियन रेसिंग लीगच्या गाड्या धावल्या, तेव्हा प्रत्येक संघात एक स्त्री चालक असणं बंधनकारक होतं. हा नियम चांगला, पण पहिल्या हंगामात त्या जागांवर बहुतेक युरोपातल्या मुली बसल्या. जागा राखली, पण त्या जागेपर्यंत नेणारी पायरी बांधली नव्हती. ल मान्समध्ये २०१२ साली करुण चांढोक सहावा आला. भारतीय स्त्रीचं नाव तिथे यायचं आहे.

धोक्याबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही. पॅरिस ऑलिंपिकनंतर महिन्याभरातच, २०२४च्या ऑगस्टअखेर, लिझ हॅलिडे केंटकीतल्या एका स्पर्धेत घोड्यावरून पडली आणि तिच्या मेंदूला गंभीर इजा झाली. चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागावं इतकी. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगातून सुखरूप बाहेर आलेली बाई घोड्यावरून पडून जायबंदी झाली. दोन्ही खेळांत सुरक्षिततेची साधनं सुधारली आहेत. मोटारीत मान जखडून धरणारं हॅन्स उपकरण आलं, इव्हेंटिंगमध्ये धक्का बसताच निखळणारे अडथळे आणि फुगणारी जाकिटं आली. तरी धोका शिल्लक राहतोच. आपल्याकडे मुलीला अडवताना घरचे याच धोक्याचं नाव घेतात. काळजी खोटी नाही, मायेपोटीच असते. पण ज्या घरात पोराला विनाहेल्मेट महामार्गावर मोटरसायकल दिली जाते आणि पोरीला ट्रॅकवर, पट्टे बांधून, डॉक्टर हजर असताना गाडी चालवायला नको म्हणतात, तिथे धोका मोजायचं माप दोघांना वेगळं लागलेलं असतं. आनी बुस्केच्या मृत्यूनंतर ल मान्सने जे केलं, ते आपण घरोघरी करतो.

मग या सीमेवरच्या मुलखात काय होऊ शकतं? चेन्नई किंवा कोइम्बतूरसारखा मोटारींचा ट्रॅक इथे लवकर होईल असं मला वाटत नाही. पण घोड्यांची दमाची शर्यत होऊ शकते, आणि तिला लागणारं जवळजवळ सगळं इथे आहे. तिला रेसकोर्स लागत नाही. माळ, गाडीवाट, सुगीनंतरची मोकळी रानं आणि पाण्याचे ठिकठिकाणचे हौद पुरतात. घरगुती पातळीवर ४०, ६०, ८० किलोमीटरचे टप्पे ठेवता येतात. या खेळात खर्चाची आणि जबाबदारीची सर्वांत मोठी बाब म्हणजे पशुवैद्यक, आणि कर्नाटकचं पशुवैद्यक विद्यापीठ तर बिदरलाच आहे, उदगीरला महाराष्ट्राचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मार्गशीर्षात ऊन सौम्य असतं, त्याच वेळी माळेगावची जत्रा भरते आणि घोडे आपोआप एका जागी येतात. भीमथडीसारखा काटक घोडा या खेळासाठी सोयीचा. चाळीस किलोमीटर शांतपणे काटायला अरबी रक्ताचा लाखो रुपयांचा घोडाच हवा असं नाही.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि तिथेच आयोजकांनी ठाम राहावं. पहाणीवर किंवा सातबाऱ्यावर जिच्या नावाने गुंठाभर जमीन नाही, तिला स्वतःचा घोडा घेऊन ये म्हणणं म्हणजे येऊ नकोस म्हणणंच. यावर तोड जुनी आहे. आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये पॅरिस २०२४पर्यंत घोडेस्वारी होती, आणि खेळाडूला स्वतःचा घोडा आणायची परवानगीच नव्हती. आयोजक घोडे देत, सोडत निघे, नशिबाने आलेल्या अनोळखी घोड्याशी ओळख करून घ्यायला वीस मिनिटं मिळत, आणि मग उड्या. त्यात घोड्यांचे हाल झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि अखेर तो भागच वगळला गेला, तेव्हा वीस मिनिटं कमी पडतात हेही त्यातून शिकावं. आठवडाभर आधी सोडत काढा. घोडा आणि मुलगी यांना सात दिवस एकत्र राहू द्या, खरारा तिनेच करावा, चंदी तिनेच घालावी, नाडी मोजायला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी तिला शिकवावं. घोडेमालकाला भाडं द्या आणि बक्षिसातला वाटाही. मुलं-मुली एकाच यादीत ठेवा, जशी ती ऑलिंपिकमध्ये असते. ओझं बांधण्यात जिची हयात गेली अशा एखाद्या धनगर मावशीला खोगीर तपासणारी पंच म्हणून बसवा. कुठल्या घोड्याची पाठ सोलवटणार आहे, ते तिला सुरुवातीच्या रेषेवरच दिसेल.